पुमा ५.६.९ वरून पुढे जाताना डिफ वाचायचा कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲप पुमा या रूबीच्या वेब सर्व्हरच्या ५.६.९ आवृत्तीवर चालतंय, आधी ६.०.० वर आणि मग जमेल तसं ७ वर न्यायचंय. चेंजलॉग वाचून झाला. गिटहबवर दोन आवृत्त्यांच्या टॅगची तुलना, म्हणजे डिफ, उघडली तर फाइलींचा ढीग समोर आला. यातलं वाचायचं काय, सोडायचं काय, आणि एखादी गोष्ट नजरेतून सुटली तर ती कळणार कशी?

सगळ्यात आधी, ६.०.० वर जाऊ नका. "एकेक पायरी चढत जाऊ" हा विचार एरवी शहाणपणाचा, पण इथे तो तुम्हाला खाली उतरवेल. ६.०.० आली ऑक्टोबर २०२२ मध्ये. ५.६.९ आली सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी. आकडा लहान असला तरी कोड नवा आहे. पाचव्या मालिकेची देखभाल वेगळ्या ब्रँचवर चालू होती आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन्हीकडे टाकल्या जात होत्या: जानेवारी २०२४ ची दुरुस्ती ६.४.२ आणि ५.६.८ मध्ये, सप्टेंबरची ६.४.३ आणि ५.६.९ मध्ये. त्यामुळे ५.६.९ वरून ६.०.० ते ६.४.२ पैकी कुठेही गेलात तर आज तुमच्याकडे असलेली किमान एक सुरक्षा दुरुस्ती तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकता. सहाव्या मालिकेत जायचं तर किमान ६.४.३, आणि खरं तर तिची शेवटची आवृत्ती.

आता गंमत बघा. हे नुकसान गिटहबच्या तुलनेत दिसतच नाही. ते पान दोन टॅगच्या मध्ये तीन टिंबं घालतं. डिफमध्ये तीन टिंबांचा अर्थ असा की दोन्ही ब्रँच जिथे वेगळ्या झाल्या त्या ठिकाणापासून उजवीकडच्या टॅगपर्यंत काय बदललं. डावीकडच्या ब्रँचवर फाटा फुटल्यानंतर काय काय झालं, त्याचा यात पत्ता नाही. म्हणजे नवीन काय मिळालं ते दिसतं, हातचं काय गेलं ते दिसत नाही. रेपॉझिटरी स्वतःच्या मशीनवर क्लोन करा आणि दोन टिंबांचा डिफ काढा, तो दोन झाडांची थेट तुलना करतो. लॉगमध्ये मात्र तीन टिंबंच हवीत. तिथे त्यांचा अर्थ "दोन्हीपैकी एकाच बाजूला असलेले कमिट" असा होतो. त्याला लेफ्ट-राइट आणि चेरी-मार्क हे पर्याय जोडले की प्रत्येक कमिट कुठल्या बाजूचा आणि त्याचा जुळा दुसऱ्या बाजूला आहे का, हे समजतं. एकाच चिन्हाचे दोन आज्ञांमध्ये दोन अर्थ ठेवणाऱ्यांना काय म्हणावं ते सोडून देऊ. बॅकपोर्ट करताना, म्हणजे दुरुस्ती जुन्या मालिकेत नेताना, कमिट थोडा बदलला असेल तर चेरी-मार्क त्याला ओळखत नाही, म्हणून डावीकडे उरलेले कमिट डोळ्यांनी तपासावेच लागतात. ते फार नसतात.

टॅगवर पूर्ण विसंबायचं नसेल तर दोन्ही आवृत्त्यांची जेम (रूबीची तयार पॅकेजं) उतरवून घ्या, जेम अनपॅकने उघडा आणि त्या दोन फोल्डरांचा डिफ काढा. सर्व्हरवर जातं ते जेम, रेपॉझिटरी नव्हे. टेस्ट आणि बिल्डची कामं यात नसल्यामुळे ढीगही बराच कमी होतो.

तरी एक फाइल तुमचा श्वास कोंडेल: एचटीटीपी पार्सरची सी फाइल. लेबल आणि गोटूंनी भरलेली. ती वाचू नका, ती माणसाने लिहिलेलीच नाही. पुमाचा पार्सर मॉन्ग्रेल या जुन्या सर्व्हरकडून आलेला आहे आणि तो रॅगेल नावाच्या साधनाच्या व्याकरणात लिहिला जातो. त्यातून सी आणि जेरूबीसाठीची जावा फाइल आपोआप तयार होते. रॅगेलची आवृत्ती बदलली तरी त्या फाइलीत शेकडो ओळी हलतात. बाजूच्या आरएल विस्ताराच्या फाइलींचा डिफ बघा. बहुतेकदा तो रिकामा असतो किंवा दहा-बारा ओळींचा.

डिफ वाचण्याचा मुद्दा नुसत्या यादीने कळत नाही, म्हणून सप्टेंबर २०२४ ची ती दुरुस्ती जरा जवळून दाखवतो. सुरक्षा त्रुटींच्या जाहीर नोंदीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-४५६१४.

रॅकच्या (रूबीचा सर्व्हर आणि ॲप यांच्यातला दुवा) नियमानुसार विनंतीतल्या जवळपास प्रत्येक हेडरचं नाव मोठ्या अक्षरांत जातं, आडव्या रेघेचा अंडरस्कोर होतो आणि पुढे एचटीटीपी हा उपसर्ग लागतो. सीजीआयच्या काळापासून चालत आलेली रीत. यात अडचण अशी की "एक्स-फॉरवर्डेड-फॉर" आणि "एक्स_फॉरवर्डेड-फॉर" ही दोन वेगळी हेडर रूपांतरानंतर एकाच नावाची होतात. पहिलं तुमचा प्रॉक्सी लावतो, दुसरं कुणीही उपटसुंभ पाठवू शकतो. पुमाच्या पार्सरमध्ये यावर एक जुनी युक्ती आहे: रेघेचा अंडरस्कोर करतानाच मुळात असलेल्या अंडरस्कोरचा स्वल्पविराम करायचा. म्हणजे पार्सिंग चालू असताना दोघांची गल्लत होत नाही. पण ॲपला स्वल्पविरामवाली नावं देऊन चालणार नाही, म्हणून पार्सिंग संपल्यावर रूबीच्या बाजूला एक छोटी मेथड ते स्वल्पविराम परत अंडरस्कोर करते.

जुन्या कोडमध्ये ही मेथड काय करायची? स्वल्पविराम असलेली नावं गोळा करायची, बदललेल्या नावांचा नवा हॅश बनवायची आणि शेवटी तो मूळ एन्व्हमध्ये, म्हणजे ॲपला मिळणाऱ्या हॅशमध्ये, मर्ज करायची. मर्जमध्ये नंतर येणारा जिंकतो. म्हणजे पार्सरने निगुतीने वेगळी ठेवलेली बनावट किंमत शेवटच्या ओळीत प्रॉक्सीच्या खऱ्या किमतीवर जाऊन बसायची. नव्या कोडमध्ये एक अट वाढली: त्या नावाची किल्ली आधीच असेल तर अंडरस्कोरवालं हेडर सोडून द्या. कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंगसाठी आणखी कडक पहारा आहे. सगळा मिळून मोजक्या ओळींचा बदल.

तुमचं ॲप पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून काही ठरवत असेल, दर मिनिटाची मर्यादा किंवा आतल्या पानांचा प्रवेश, तर या मोजक्या ओळी अख्ख्या सहाव्या मालिकेतल्या बाकी बदलांपेक्षा जास्त महत्त्वाच्या. पुढे एनजिनएक्स असेल तर तुम्हाला हे कधी जाणवलंही नसेल, कारण तो नावात अंडरस्कोर असलेली हेडर मुळातच टाकून देतो. पण म्हणून निर्धास्त राहू नका. उद्या कुणी एनजिनएक्स काढून तिथे दुसरा लोड बॅलन्सर बसवला की पहारेकरी गेला, आणि तो पहारेकरी होता हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

आता क्रम. मी पहिल्यांदा सर्व्हरचा कोड वाचतच नाही. आधी तीन फाइली: कॉन्फिगरेशन, डीएसएल आणि कॉन्स्ट. डिफॉल्ट किमती इथेच राहतात आणि चटका देणारे बदल बहुतेक याच तीन फाइलींत असतात. कोड बदलला तर निदान एखादा अपवाद फेकला जातो, लॉगमध्ये आरडाओरडा होतो. डिफॉल्ट बदलला तर सगळं सुरळीत चालू राहतं, फक्त वेगळं चालतं.

हे मी अनुभवाने शिकलो. पुमा ४ वरून ५ वर जाताना आमच्याकडे एक लहानशी सेवा होती, रेल्स या वेब फ्रेमवर्कशिवायची, कॉन्फिग फाइलही नसलेली. काम एकच: दुसऱ्या सेवेला विचारायचं, उत्तर जरा नीटनेटकं करायचं, परत द्यायचं. एका विनंतीला साधारण आठशे मिलिसेकंद, त्यातला जवळजवळ सगळा वेळ नुसती वाट बघण्यात. पुमा ४ मध्ये कमाल थ्रेडचा डिफॉल्ट १६ होता. ५.० मध्ये एमआरआय, म्हणजे नेहमीच्या, रूबीसाठी तो ५ झाला. आता हिशेब करा: १६ थ्रेड आणि ०.८ सेकंद म्हणजे सेकंदाला वीस विनंत्या. ५ थ्रेड म्हणजे सव्वासहा. रात्री डिप्लॉय झालं, सकाळी गर्दी झाल्यावर प्रतिसाद रेंगाळायला लागला. सीपीयू मोकळा, मेमरी मोकळी, एररचं नाव नाही. आम्ही दोन दिवस समोरच्या सेवेच्या टीमला धारेवर धरलं. शेवटी एकाने पुमाच्या सुरुवातीच्या लॉगमधली कमाल थ्रेडची ओळ मोठ्याने वाचली, आणि मग त्या टीमची माफी मागायची पाळी माझ्यावर आली.

तसा बदल योग्यच होता. रेल्स ॲपमध्ये डेटाबेस पूलचा डिफॉल्ट पाच आणि वर थ्रेड सोळा ही जोडी कित्येकांना कनेक्शन मिळेपर्यंत ताटकळत ठेवायची. रेल्सने तयार करून दिलेल्या कॉन्फिगमध्ये थ्रेडची संख्या उघड लिहिलेली असते, म्हणून रेल्सवाल्यांना या बदलाची झळ बसली नाही. (रेल्स ७.२ ने तर तो आकडा तीनवर आणला.) तुमच्या कॉन्फिगमध्ये थ्रेड आणि वर्कर (पुमाच्या वेगवेगळ्या प्रोसेस) दोन्ही स्पष्ट लिहिलेले नसतील तर आवृत्ती बदलण्याआधीच, आजच्या पुमावर, ते लिहून टाका. आज जे आकडे चालू आहेत तेच. मग डिफॉल्ट कुठेही सरकला तरी तुमचा पाय सरकत नाही.

वर्करवरून आठवलं. प्रीलोडचा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण इथे दोन टप्प्यांत बदल झाला. पाचव्या मालिकेत वेब कॉन्करन्सीच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून एकाहून जास्त वर्कर मागितले की प्रीलोड आपोआप चालू होऊ लागलं. सातव्यात, जी २०२५ मध्ये आली, क्लस्टर मोडमध्ये (म्हणजे वर्कर वापरताना) तोच सर्वसाधारण डिफॉल्ट झाला. प्रीलोड म्हणजे ॲप आधी मास्टर प्रोसेसमध्ये चढवायचं आणि मग फोर्क करायचं; न बदललेली मेमरी सगळे वर्कर वाटून घेतात. फायद्याचीच गोष्ट. पण फोर्क झाल्यावर मुलाच्या प्रोसेसमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड जिवंत राहतो, बाकीचे नाहीत. एखाद्या इनिशियलायझरमध्ये तुम्ही मोजमापं पाठवणारा थ्रेड सुरू केला असेल तर प्रीलोडशिवाय तो प्रत्येक वर्करमध्ये सुरू व्हायचा. प्रीलोडनंतर तो मास्टरमध्ये एकटाच बसून राहतो आणि वर्करांकडून काहीच येत नाही. आलेख सपाट झाला म्हणून कुणी घाबरत नाही, उलट बरं वाटतं. असा थ्रेड वर्कर सुरू होतानाच्या हुकमध्ये हलवा. उघडी राहिलेली सॉकेट आणि कनेक्शन यांचंही तेच. ॲक्टिव्ह रेकॉर्ड स्वतःचं सांभाळतो, तुम्ही हाताने उघडलेलं कनेक्शन तुम्हीच सांभाळायचं.

त्या हुकांची नावं सातव्या मालिकेत बदलली. "ऑन वर्कर बूट" चं "बिफोर वर्कर बूट", "ऑन रिस्टार्ट" चं "बिफोर रिस्टार्ट", "ऑन बूटेड" चं "आफ्टर बूटेड". आधी आणि नंतर हा फरक नावातच आला हे चांगलं झालं. "ऑन" वाचून कधीच कळायचं नाही की हे आधी चालतं की मागाहून. तुमच्या कॉन्फिगमध्ये, आणि तुम्ही वापरता त्या निरीक्षणाच्या जेममध्येही, "ऑन" ने सुरू होणारं सगळं शोधून घ्या.

सहाव्यातल्या बाकी गोष्टी भराभर सांगतो. नाकायोशी फोर्क हा फोर्कआधी मेमरी आवरणारा पर्याय काढून टाकला, कॉन्फिगमध्ये राहिला असेल तर ओळ खोडा. लॉग लिहिण्याचं काम इव्हेंट्स वर्गातून बाहेर काढून लॉगरायटर असा वेगळा वर्ग केला. सामान्य ॲपला याचं काही नाही, पण ब्राउझर चाचण्यांची साधनं स्वतः आतून पुमा उभा करतात, म्हणून डिप्लॉय सुखरूप आणि टेस्ट मात्र कोसळलेल्या असं चित्र दिसू शकतं. ते जेम आधी वर घ्या. आणि ६.० पासून नेहमीच्या आठ एचटीटीपी मेथड सोडून बाकीच्यांना ५०१ मिळतो. बहुतेकांना फरक पडणार नाही, पण वेबडॅव्ह चालवत असाल तर प्रॉपफाइंड तिथेच अडेल. ६.३ पासून चालणाऱ्या मेथड कॉन्फिगमध्ये सांगता येतात.

रॅकचा प्रश्न मात्र पुमाच्या डिफमध्ये शोधून सापडणार नाही. पुमा ६ रॅक ३ चालवू शकतो, म्हणून लॉक फाइल (जेमच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) नीट पाहिली नाही तर दोन्ही उड्या एकाच कमिटमध्ये पडतात, आणि काही बिघडलं की दोष कुणाचा ते कळत नाही. रॅक ३ मध्ये प्रतिसादातल्या हेडरची नावं लहान अक्षरांत असावी लागतात. तुमच्या एखाद्या मिडलवेअरमध्ये साध्या हॅशमधून मोठ्या सी आणि मोठ्या टी चं "कंटेंट-टाइप" वाचलं जात असेल तर तिथे आता निल येईल, आणि "एचटीएमएल असेल तरच" असली अट गुपचूप खोटी ठरेल. रॅकअप आणि सेशनही वेगळ्या जेममध्ये गेले. म्हणून आधी फक्त पुमा हलवा, बंडल अपडेटला कन्झर्व्हेटिव्ह पर्याय देऊन, आणि लॉक फाइलच्या डिफमध्ये पुमाची एकच ओळ बदलली आहे याची खात्री करा. फार तर सोबत पुमाला लागणारं एनआयओफोरआर हे जेम येईल. रॅकचा कमिट वेगळा, दिवसही वेगळा.

आता खरा सर्व्हर कोड. सर्व्हर, रिक्वेस्ट, क्लायंट, थ्रेड पूल आणि रिॲक्टर या पाच फाइली, याच क्रमाने. इथे डिफ दिसतो त्याहून मोठा वाटतो, कारण बराच कोड नुसता जागा बदलतो. पाचव्या मालिकेत विनंती हाताळण्याचा भाग सर्व्हरमधून निघून रिक्वेस्टमध्ये गेला, क्लस्टरमधून वर्करचा वर्ग वेगळा झाला. गिट डिफला कलर-मूव्ह्ड आणि मोकळी जागा दुर्लक्षित करायचा पर्याय द्या. हललेल्या ओळी फिक्या होतात आणि खरा बदल उठून दिसतो. एखादी ओळ का आली हे समजत नसेल तर ब्लेमपेक्षा लॉगचा मोठा एस हा पर्याय कामाचा: तो शब्द कुठल्या कमिटमध्ये आला आणि कुठल्या कमिटमध्ये गेला, एवढंच तो सांगतो. कमिटच्या संदेशातून पुल रिक्वेस्टवर जा. तिथली चर्चा चेंजलॉगच्या एका ओळीपेक्षा दसपट शिकवते.

वाचताना मी एका प्रकारच्या ओळीवर थांबतोच: एन्शुअर, क्लोज आणि रिटर्न यांच्या आसपासचा कोणताही बदल. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५.६.२ आणि ४.३.११ मध्ये जी दुरुस्ती आली ती याच जातीची. काही वाटांवर प्रतिसादाच्या बॉडीचं क्लोज बोलावलं जात नव्हतं. सर्व्हरच्या दृष्टीने किरकोळ गळती. पण रेल्स विनंतीपुरती साठवलेली माहिती पुसतो ती नेमकी बॉडी बंद होताना. ती पुसली गेली नाही तर त्याच थ्रेडवरच्या पुढच्या विनंतीला आधीच्या माणसाचा करंट ॲट्रिब्यूट दिसू शकतो. पुमाच्या डिफमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं. वर कोण काय गृहीत धरून बसलंय हे वाचणाऱ्यालाच माहीत असावं लागतं.

तपासणीसाठी स्टेजिंगवर मी तीन गोष्टी करतो. सुरू होतानाचा लॉग जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळतो; थ्रेड, वर्कर, प्रीलोड, सगळं तिथे छापलेलं असतं. कर्लने अंडरस्कोरवालं बनावट हेडर थेट पुमाला आणि मग प्रॉक्सीमार्गे पाठवून ॲपला काय पोचतं ते बघतो. आणि एक हळू विनंती चालू असताना प्रोसेसला थांबायचा सिग्नल देऊन ती पुरी होते की मधेच तुटते ते पाहतो.

शेवटचं, प्रत्यक्ष डिप्लॉयबद्दल. तुमची स्क्रिप्ट फेज्ड रिस्टार्ट करत असेल तर या वेळी ते उपयोगाचं नाही. त्यात वर्कर एकेक करून बदलतात, मास्टर प्रोसेस जुनीच राहते, आणि पुमा स्वतः त्या मास्टरमध्ये चढलेला असतो. डिप्लॉय यशस्वी, लॉक फाइलमध्ये ६, आणि चालतोय मात्र ५.६.९, असं अगदी होऊ शकतं. प्रीलोड चालू असेल तर फेज्ड रिस्टार्ट मुळात होतच नाही; पुमा लॉगमध्ये तसं एका ओळीत सांगतो आणि साधा रिस्टार्ट करतो. या एका वेळेपुरता सिस्टमडीकडून सर्व्हिस पूर्ण थांबवून परत सुरू करा, आणि नंतर लॉगच्या सुरुवातीच्या ओळींतला आवृत्तीचा आकडा बघूनच टर्मिनल बंद करा.